कमरेची चंची आणि राजाची पलटण

गेल्या दिवाळीच्या आठ दिवस आधीची गोष्ट. मंडळात चकल्या पाडण्याचे काम चालले होते आणि त्याच दुपारी आमच्या भाचीने एडिंबरोहून पाठविलेले पुडके माझ्या हाती पडले. घरी जाऊन उघडण्याइतका धीर कोणाला होता? तेथेच, भाजणीच्या परातीशेजारी, ते फोडले. आतून निघाली एक कातड्याची पिशवी. तिच्या पुढच्या अंगाला पांढरेशुभ्र लांब केस, वर पितळी पट्टी आणि केसांवर लोंबणारे दोन काळे गोंडे. एकीने हात लावला आणि "शी! मेलं कुठलं जनावर हे!" म्हणून लगेच मागे घेतला. आमच्या मंडळातल्या सर्वांत वडीलधाऱ्या काकूंनी मात्र चष्मा पुसून पिशवी उलटसुलट पाहिली, मागच्या बाजूचे झाकण उघडून आत दोन बोटे घातली आणि निकाल दिला, "अग, ही तर चंची! फक्त पान-सुपारी राहायची नाही हो हिच्यात."

पुडक्यात एक चित्राचे कार्डही होते. त्यावर चौकड्यांचा घोळदार झगा नेसलेला एक मिशाळ शिपाई ताठ उभा, आणि त्याच्या पुढ्यात हीच चंची. काकूंनी विचारले, "आणि ह्या बाप्याने परकर का नेसलाय?" सगळ्याजणी हसलो. पण खरे सांगते, शाळेत वीस-बावीस वर्षे इतिहास शिकवूनही मला काकूंना धड उत्तर देता येईना. मग वाचनालयात खेपा घातल्या आणि जे समजले ते आज स्मरणिकेच्या निमित्ताने आपल्यापुढे ठेवते. प्रश्न हसण्यावारी विचारलेला होता, उत्तर मात्र तसे निघाले नाही.

इंग्लंडच्या उत्तरेला स्कॉटलंड, हे आपण भूगोलात शिकलो. त्या स्कॉटलंडचेही दोन भाग. दक्षिणेकडची सुपीक सखल भूमी निराळी आणि उत्तर-पश्चिमेचा डोंगराळ मुलूख निराळा. या डोंगराळ मुलखाला हायलँड म्हणतात. तेथले लोक गेलिक भाषा बोलत, गुरे राखीत, आणि आपापल्या कुळाच्या सरदाराच्या शब्दावर तलवार उचलीत. त्यांचा पोशाख म्हणजे लोकरीचे एक भले मोठे वस्त्र. मागाची रुंदी लहान, म्हणून दोन पट्ट्या लांबीने एकमेकींस जोडीत. तयार वस्त्र चार-पाच वार लांब होई, म्हणजे मागावरून मूळ कापड आठ-दहा वार उतरावे लागे. नऊवारी नेसणाऱ्या आपल्या आज्यांना हा हिशेब लगेच उमगला असता! या वस्त्राला सुई लागत नसे. मधल्या भागाच्या निऱ्या घालावयाच्या, वरून कमरेला चामड्याचा पट्टा कसावयाचा. खालचा भाग गुडघ्यापर्यंत, वरचा खांद्यावर घेऊन टाचणीने अडकवावयाचा. पाऊस आला की तोच डोक्यावरून घ्यावयाचा आणि रात्री रानात तेच सोडून अंगाभोवती गुंडाळून झोपावयाचे. आपण निऱ्या पुढे खोवतो, त्यांच्या निऱ्या मागे; एवढाच काय तो फरक. गेलिकमध्ये याला 'फेलिया मोर' म्हणजे मोठे वेष्टन म्हणत.

आता अशा वस्त्राला खिसा कोठून असणार? म्हणून कमरेच्या पट्ट्याला पुढे एक पिशवी बांधीत. तीच ही 'स्पोरन'. गेलिक भाषेत या शब्दाचा साधा अर्थ बटवा. हरणाच्या नाही तर वासराच्या कातड्याची, तोंडाला चामड्याच्या वाद्या ओवलेली, अगदी आपल्या बटव्यासारखी ओढून बंद करावयाची. तीत चार नाणी, बंदुकीच्या गोळ्या, प्रवासाला निघाल्यास मूठभर ओटचे पीठ. गरिबाची वस्तू, गरिबाच्या गरजेची. पितळी तोंडाच्या, नक्षीच्या पिशव्या पुढे ज्यांना परवडल्या त्यांनी केल्या.

हे वस्त्र तयार कोण करी, हे सांगितल्यावाचून मला पुढे जाववत नाही, कारण पुस्तकांत शिपायांविषयी पाने भरली आहेत आणि या कामाला चार ओळी. लोकर विंचरणे आणि कातणे हे घरच्या बायकांचे काम. रंगही त्याच करीत. खडकावरचे दगडफूल खरवडून त्याचा तांबूस तपकिरी रंग, रानातल्या झुडुपांचा पिवळा. विणणारा बहुधा गावचा विणकर असे; परंतु मागावरून उतरलेले कापड विरळ नि खरखरीत असते, ते वाऱ्यापावसाला टिकावे म्हणून भिजवून, आपटून घट्ट करावे लागे. त्यासाठी आठ-दहा बायका एका लांब फळीभोवती समोरासमोर बसत आणि ओले कापड फळीवर आपटीत, चोळीत, शेजारणीकडे सरकवीत. कापड भिजविण्यासाठी घरोघरचे साठविलेले शिळे मूत्र वापरीत. वाचताना नाक मुरडू नका, त्या काळी त्यांचा साबण तोच होता. हाताचा ठेका एक राहावा म्हणून एकीने गाण्याची ओळ म्हणावयाची आणि बाकीच्यांनी पालुपद धरावयाचे. जात्यावर बसलेल्या आपल्या आज्यांच्या ओव्या ज्या कारणासाठी जन्माला आल्या त्याच कारणासाठी ही गाणी जन्माला आली. ती गाणी आजही उरली आहेत, त्यांच्या बेटांवर लोकांनी जपून ठेविली आहेत. गाणारणींची नावे मात्र बहुतेक गेली.

पुढे अठराव्या शतकात त्या मोठ्या वस्त्राचा केवळ खालचा भाग तेवढा निराळा करून, निऱ्या शिवून टाकून, सुटसुटीत वस्त्र नेसण्याची चाल पडली. हीच आजची किल्ट. ती एका इंग्रज लोखंडाच्या भट्टीवाल्याने आपल्या मजुरांच्या सोयीसाठी काढली अशी एक कथा आहे. ती खरी की खोटी यावर तिकडचे विद्वान अजून भांडतात. भांडोत बापडे. कारखानदाराने काढली असली तरी नेसली ती डोंगरातल्यांनीच.

या डोंगराळ लोकांवर लंडनच्या राजाचा विश्वास नव्हता. पण त्यांना ताब्यात ठेवावयास त्यांच्यासारखेच पाय हवे होते, म्हणून १७२५ साली जनरल वेड याने राजाशी इमान राखणाऱ्या कुळांतून काही तुकड्या उभारल्या. त्यांना गडद निळ्या, काळ्या आणि हिरव्या चौकड्यांचे कापड दिले. या कापडाला टार्टन म्हणतात. त्या गडद रंगावरून आणि पहाऱ्याच्या कामावरून या लोकांना 'ब्लॅक वॉच', म्हणजे काळा पहारा, असे नाव पडले. १७३९ साली या तुकड्यांची रीतसर पलटण झाली. पहिली हायलँडी पलटण ती हीच. आपल्याला डोंगरातच ठेवणार अशी तिच्यातल्या लोकांची समजूत होती. १७४३ साली त्यांना राजापुढे संचलन करावयाचे म्हणून लंडनला नेले. तेथे कुणकुण लागली की, आपल्याला जहाजात घालून वेस्ट इंडीजला धाडणार. तापाने माणसे माशांसारखी मरत ते ठिकाण. शंभरावर शिपाई रात्रीतून उठून घराकडे चालू लागले. वाटेत त्यांना गाठून परत आणले आणि त्यांपैकी सॅम्युएल मॅकफर्सन, माल्कम मॅकफर्सन व फार्कर शॉ या तिघांना १८ जुलै १७४३ रोजी लंडनच्या किल्ल्यात साऱ्यांच्या देखत गोळ्या घातल्या. राजाच्या खर्चाने मिळालेल्या वस्त्राची किंमत काय असते ते त्या सकाळी पहिल्यांदा दिसले.

त्यानंतर दोनच वर्षांनी, १७४५ मध्ये, पदच्युत राजघराण्याचा तरुण राजपुत्र चार्ल्स एडवर्ड हायलँडमध्ये उतरला आणि बरीच कुळे त्याच्या बाजूने उठली. १६ एप्रिल १७४६ रोजी कलोडनच्या माळावर तासाभरात त्यांचा चुराडा झाला. जखमी माणसांनाही सोडले नाही, घरे जाळली, गुरे हाकून नेली. हे सारे तलवारीचे काम. मात्र त्याच वर्षी पार्लमेंटने जो कायदा केला तो तलवारीहून खोल गेला. १ ऑगस्ट १७४७ पासून हायलँडचा पोशाख, म्हणजे ते वस्त्र, ती किल्ट, खांद्यावरचा पट्टा, टार्टन कापडाचा कोट, यांपैकी काहीही पुरुषाने किंवा मुलग्याने अंगावर घातले तर सहा महिने तुरुंग. दुसऱ्यांदा सापडला तर सात वर्षे समुद्रापार वसाहतींत.

या कायद्यातल्या दोन गोष्टी मी पुन्हा पुन्हा वाचल्या. पहिली ही की, त्यात स्त्रियांचे नावच नाही. 'पुरुष व मुलगे' एवढेच. बायकांनी चौकड्यांची ओढणी घ्यावी की न घ्यावी याची पार्लमेंटला पर्वा नव्हती. नवऱ्याचे वस्त्र पेटीच्या तळाशी गेले तरी कायदा न मोडता तेच रंग, तेच चौकडे बायकांच्या अंगावर राहू शकत होते. कायदे करणारांच्या नजरेतून आपण सुटतो, ते असे.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. कायद्याने एका वर्गाला सूट दिली होती, आणि तो वर्ग म्हणजे राजाच्या सैन्यातले अधिकारी व शिपाई. म्हणजे पाहा, आजोबांचे वस्त्र नेसून मुलगा आपल्याच दाराशी उभा राहिला तर गुन्हेगार, आणि तेच वस्त्र नेसून राजासाठी परमुलखात मरावयास निघाला तर इमानी प्रजाजन! त्याला वर पगार, आणि कापडही सरकारी. ही स्थिती एक-दोन नव्हे, पस्तीस वर्षे राहिली. तेवढ्या काळात एक पिढी जन्मून मोठी झाली, आणि तिने आपला पोशाख पाहिला तो बहुतेक पलटणीच्या अंगावरच.

तरुण केवळ किल्टसाठी भरती झाले असे मात्र मी म्हणणार नाही. पोट होते, भाडे थकलेले होते, मुलगा दिला तर कुळ म्हणून राहू देतो असे सरदाराचे आश्वासन होते. आणि सरदारांनाही राजाची मर्जी परत मिळवावयाची होती. लॉर्ड लोव्हाट याचे उदाहरण घ्या. बंडात सामील म्हणून १७४७ साली लंडनला त्याचा शिरच्छेद झाला. त्याचा मुलगा सायमन फ्रेझर स्वतः बंडात होता. दहा वर्षांनी, १७५७ मध्ये, त्याच मुलाने आपल्या कुळातून राजासाठी पलटण उभारली आणि ती कॅनडात फ्रेंचांवर नेली. बापाचे डोके ज्याने उडविले त्यालाच मुलाने हजारभर माणसे दिली. घरातल्या बायका यावर काय म्हणाल्या असतील?

१७८२ साली मार्क्विस ऑफ ग्रॅहम याच्या ठरावाने बंदी उठली. पण तोवर साधा माणूस विजारीला सरावला होता. टार्टन महाग झाले होते, घरोघरी रंग करणाऱ्या हातांची सवय मोडली होती. वस्त्र जिवंत राहिले ते पलटणींत. मग १७९३-९४ पासून फ्रान्सशी युद्ध जुंपले आणि नव्या पलटणींना पूर आला. गॉर्डन पलटणीसाठी म्हणे गॉर्डनची डचेस जेन स्वतः जत्रांतून फिरली आणि ओठांत नाणे धरून, जो भरती होईल त्याने ते ओठांनी घ्यावे, अशी तिने रीत काढली. कथा रंगविलेली असेल, परंतु तिकडे लहान मुलालाही ती ठाऊक आहे. कॅमेरन पलटणीचे टार्टन निराळेच, लाल-हिरव्या-निळ्याचे आणि त्यावर पिवळी रेघ असलेले. ते पलटणीचा संस्थापक ॲलन कॅमेरन याच्या आईने योजिले अशी परंपरा आहे. बाकीच्या पलटणींनी ब्लॅक वॉचचेच गडद कापड घेऊन त्यात आपली खूण टाकली. गॉर्डनांनी पिवळी रेघ, मॅकेंझींनी पांढरी नि तांबडी. गॉर्डनांच्या किल्टच्या निऱ्या तर अशा घालीत की, प्रत्येक निरीवर ती पिवळी रेघ बरोबर मध्ये यावी. निऱ्या बसविताना काठ जुळला नाही तर आपला जीव कसा खालीवर होतो! तेथे ते काम पलटणीचे शिंपी करीत.

कापड आता घरच्या फळीवर नव्हे तर कारखान्यात होऊ लागले. स्टर्लिंगजवळ बॅनकबर्न या गावी विल्सन नावाच्या घराण्याचा मोठा कारखाना होता, पलटणींना पुरवठा तेथून होई. १८१९ साली त्यांनी आपल्या नमुन्यांची वही केली, ती आजही अभ्यासक पाहतात. पलटणीत काटकसर मात्र घरच्यासारखीच असे. नवे मोठे वस्त्र मिळाले की जुन्याची छोटी किल्ट करावयाची. जुन्या लुगड्याची गोधडी करणारीला यात नवल वाटू नये.

आणि स्पोरन? ती वाढत चालली. साध्या कातड्याच्या पिशवीवर आधी बकऱ्याचे नाही तर बिज्जूचे केसाळ कातडे आले, मग लांब केसांची झालर, मग गोंडे, मग वर पलटणीचे चिन्ह. एकोणिसाव्या शतकात तर ती मांडीच्या निम्म्यापर्यंत लोंबू लागली. गोंडे मोजले की पलटण कळावी अशी व्यवस्था झाली. ब्लॅक वॉचची पांढऱ्या केसांवर पाच काळे गोंडे. सीफोर्थ आणि गॉर्डन यांची पांढरी, दोन लांब काळे गोंडे असलेली. कॅमेरनांची नेमकी उलटी, काळ्यावर दोन पांढरे. आर्गाइल पलटणीच्या शिपायांच्या काळ्या स्पोरनवर सहा आखूड पांढरे गोंडे, आणि ते चालताना असे डोलत की त्यांना 'झुलते सहा' हेच नाव पडले. त्यांच्या अधिकाऱ्यांच्या स्पोरनवर तर अख्खे बिज्जूचे मुंडके! दिसावयास मोठे झोकदार. पण जी पिशवी मूठभर पीठ नेण्यासाठी निघाली होती तिच्यात आता केसांमागे एवढासा कप्पा उरला. दागिना झाला, चंची राहिली नाही.

पोशाखावर हक्क सांगण्याचे काम एव्हाना सरकारी कचेरीत गेले होते. १८०४ साली लष्करी कचेरीने ॲलन कॅमेरनला विचारले की, किल्ट काढून विजार दिली तर कसे? त्या गृहस्थाने एका दमात एवढे लांबलचक, तडफदार उत्तर धाडले की, त्याची पलटण वाचली. पण १८०९ मध्ये हुकूम सुटलाच. सहा पलटणींची किल्ट काढून घेण्यात आली. कारण असे दिले की, डोंगरात आता पुरेशी माणसे मिळत नाहीत आणि दक्षिणेकडच्या इंग्रज रंगरूटांना हा पोशाख नको असतो.

माणसे का मिळेनात? कारण डोंगर रिकामे होत होते. जमीनदार झालेल्या सरदारांना माणसांच्या भाड्यापेक्षा मेंढ्यांच्या लोकरीत पैसा दिसला. सदरलँडच्या काउंटेसने १७९९-१८०० मध्ये आपल्या जहागिरीतल्या कुळांकडून मुलगे मागवून ९३ वी पलटण उभी केली होती. १८१४ च्या उन्हाळ्यात तिच्याच जहागिरीतल्या स्ट्रॅथनेव्हर खोऱ्यात घरे मोकळी करण्याचे काम चालले. छपराची लाकडे पुन्हा वापरता येऊ नयेत म्हणून जाळीत. मार्गारेट मॅके नावाची शंभरीला टेकलेली, अंथरुणाला खिळलेली म्हातारी पेटत्या घरातून लेकीने आणि शेजाऱ्यांनी बाहेर काढली; पाचव्या दिवशी ती वारली. कारभारी पॅट्रिक सेलर यावर १८१६ साली खटला झाला आणि तो निर्दोष सुटला. इकडे हे होत असता, जानेवारी १८१५ मध्ये, ९३ वी पलटण अमेरिकेत न्यू ऑर्लिअन्सपुढे तोफांच्या तोंडी उभी होती आणि एका सकाळी तिची पाचशेहून अधिक माणसे पडली नाही तर जायबंदी झाली. मुलगे राजाच्या चाकरीत, आया रस्त्यावर.

आणि मग १८२२ साली राजा चौथा जॉर्ज एडिंबरोला आला. समारंभाची सूत्रे कादंबरीकार वॉल्टर स्कॉट यांच्या हाती होती. पूर्वी ज्याच्या घराण्याने तुरुंगाची भीती घातली, तो स्थूल राजा स्वतः किल्ट घालून, आत मांसाच्या रंगाचे पायमोजे चढवून, दरबारात उभा राहिला. सखल भागातले वकील नि व्यापारीही आपापले टार्टन शोधू लागले. विल्सनांच्या कारखान्याची चांदी झाली. ज्या खोऱ्यांतून हे वस्त्र आले त्यांपैकी कित्येकांत तेव्हा मेंढ्या चरत होत्या. पुढे १८५४ मध्ये क्रिमियाच्या लढाईसाठी सदरलँडमध्ये शिपाई मागावयास गेले तेव्हा, "आता मेंढ्याच पाठवा," असे लोकांनी तोंडावर सांगितल्याची गोष्ट तिकडे सांगतात.

आता आपल्याकडचा भाग सांगावयाचा राहिला. तो सांगितल्यावाचून ही कथा आपल्या स्मरणिकेत शोभणार नाही. जालना जिल्ह्यात असई नावाचे गाव आहे. तेथे २३ सप्टेंबर १८०३ रोजी दौलतराव शिंदे व नागपूरकर भोसले यांच्या फौजेवर आर्थर वेलस्ली चालून आला. त्याच्या पायदळात गोऱ्या पलटणी दोनच होत्या, ७४ वी आणि ७८ वी, आणि दोन्ही हायलँडी. बाकीचे बहुतेक आपलेच मद्रासी शिपाई. शिंद्यांच्या तोफा अशा चालल्या की, ७४ व्या पलटणीच्या सुमारे पाचशे माणसांपैकी चारशेच्या आसपास मेली किंवा घायाळ झाली. पराभव आपला झाला, हे खरे. पण वेलस्ली पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला आणि वॉटर्लूही जिंकला तरी त्याला असईचा दिवस विसरता आला नाही. कंपनीने दोन्ही पलटणींना मानाची निशाणे दिली, त्यांवर हत्ती आणि 'असई' हे नाव. त्या ७४ व्या पलटणीची किल्ट सहाच वर्षांनी, १८०९ च्या त्या हुकुमाने, काढून घेतली गेली. हत्ती राहिला, वस्त्र गेले. पुढे १८५७ च्या नोव्हेंबरात लखनौच्या सिकंदरबागेत किल्ट घातलेली ९३ वी पलटण शिरली आणि तेथे सुमारे दोन हजार हिंदी शिपाई कापले गेले.

हे लिहिताना माझी लेखणी अडखळते. पोशाख हिरावून घेतला म्हणून ज्यांच्याविषयी मघापासून हळहळत आले, त्यांचेच नातू आपल्या आजोबा-पणजोबांच्या छातीवर संगिनी रोखून आले होते. काकूंना हे वाचून दाखविले तेव्हा त्या थोडा वेळ काहीच बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "पोटाला गेले असतील. पण आपलेही कुणी पोटालाच तिथे उभे होते." मी यावर आणखी काही घालीत नाही.

शेवटचा भाग झटपट सांगते. दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धात, डिसेंबर १८९९ मध्ये, मागर्सफाँटेनला हायलँडी शिपायांना दिवसभर उन्हात पालथे पडून राहावे लागले. गुडघ्यांच्या मागची कातडी भाजून फोड आले. भडक रंग दुरून दिसू नयेत म्हणून किल्टवर पुढून खाकी एप्रन बांधला होता. त्या एप्रनला एक खिसा होता, आणि स्पोरनचे खरे काम लढाईत आता तो खिसा करी. १९१४ च्या महायुद्धात खंदकांच्या चिखलात किल्ट भिजून जड होई, थंडीत तिचा काठ गोठून गुडघे कापी, आणि निऱ्यांत उवा होत. तरी शिपायांनी ती सोडली नाही. १९३९ मध्ये ती रणांगणातून काढल्याचा हुकूम निघाला. त्यानंतरही कॅमेरन पलटणीची एक तुकडी १९४० साली फ्रान्समध्ये किल्ट घालूनच लढली. तेव्हापासून किल्ट आणि स्पोरन उरल्या त्या संचलनापुरत्या, वाजंत्र्यांपुरत्या आणि लग्नसमारंभापुरत्या. जुन्या पलटणी एकमेकींत मिसळत गेल्या आणि २००६ साली स्कॉटिश पायदळाच्या या पलटणींची मिळून एकच रेजिमेंट करण्यात आली. नेसावयास मात्र ब्लॅक वॉचच्याच चौकड्यांचे कापड.

एक गंमत सांगावयाची राहिलीच. आमच्या भाचीने पाठविलेली स्पोरन काकूंनी पुन्हा नीट तपासली तेव्हा आतल्या अस्तराला एक चिठ्ठी शिवलेली सापडली. तिच्यावर नाव होते सियालकोटचे! चौकशी करता कळले की, पंजाबातल्या त्या गावी, जे आता पाकिस्तानात आहे, इंग्रजी छावणीच्या काळापासून कातडीकाम भरभराटीला आले, आणि आज पलटणींच्या मशकबाज्या, किल्ट नि स्पोरन तेथून जगभर जातात. तेव्हा आमची चंची सियालकोटहून एडिंबरोला आणि एडिंबरोहून आमच्या चकल्यांच्या परातीपर्यंत आली होती.

ती आता मंडळाच्या कपाटात असते. पांढरे केस पिवळे पडू नयेत म्हणून काकूंनी तिला जुन्या धोतराची पिशवी शिवली आहे. केसांमागच्या कप्प्यात भिशीची चिल्लर बरोबर मावते, आणि महिन्याच्या पहिल्या शनिवारी ती काढून मोजण्याचे काम त्यांनी आपल्याकडेच ठेवून घेतले आहे.